माऊसचा बाण सापडत नाही? कर्सरचं सॉफ्टवेअर कसं बसवायचं, कसं वापरायचं आणि कुठून घ्यायचं नाही

स्क्रीनवरचा माऊसचा बाण हरवणं ही तक्रार ऐकायला किरकोळ वाटते. पण दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या माणसाला विचारून पाहा. पनवेलमध्ये घरून काम करायची मुभा मिळालेला माणूस ती सहसा सोडत नाही, कारण हार्बर लाइनने सीएसएमटी गाठायला एका बाजूला सव्वा तास सहज जातो. मग घरच्या लॅपटॉपला दुसरा मॉनिटर जोडला जातो, आणि दोन स्क्रीनमध्ये मिळून बाण नेमका कुठे बसलाय हे शोधण्यात दिवसातून वीस वेळा माऊस गरागरा फिरवावा लागतो. क्लासमध्ये मोठ्या टीव्हीवर एक्सेल शिकवणाऱ्या सरांचा बाण मागच्या बाकावरून दिसत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आजोबांना बँकेच्या पानावर तो पांढरा बाण पांढऱ्या पार्श्वभूमीत दिसतच नाही, आणि चुकीच्या जागी क्लिक झालं की पैशांचा प्रश्न उभा राहतो. यूट्यूबवर किंवा इन्स्टाग्रामवर ‘हा फॉर्म असा भरा’ असे व्हिडिओ टाकणाऱ्यांची अडचण तर रोजचीच: प्रेक्षक कमेंटमध्ये विचारतात, ‘दादा, क्लिक कुठे केलंत?’

यावर उपाय आहेत आणि ते फुकट आहेत. मात्र याच विषयावर गुगलमध्ये शोधलं की जे वरवर येतं, त्यातलं बरंचसं टाळण्यासारखं असतं. तो भाग पुढे सविस्तर येईल.

आधी एक शब्द स्पष्ट करू

आपण बोलताना सगळ्यालाच कर्सर म्हणतो. संगणकाच्या भाषेत मात्र दोन गोष्टी वेगळ्या आहेत. माऊस हलवला की हलतो तो पॉइंटर, म्हणजे बाण. टाइप करताना अक्षरांमध्ये लुकलुकणारी उभी रेघ म्हणजे टेक्स्ट कर्सर. सेटिंग्जमध्ये दोघांची पानं वेगवेगळी आहेत, त्यामुळे ‘मी सगळं बदललं तरी रेघ बारीकच राहिली’ अशी तक्रार होते. रेघेसाठी विंडोज 11 च्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी आणि त्यात टेक्स्ट कर्सर असं पान आहे. तिथे रेघ जाड करता येते आणि तिच्या दोन्ही टोकांना रंगीत ठिपके लावता येतात. मराठी मजकूर टाइप करणाऱ्यांना याचा चांगला उपयोग होतो, कारण वेलांट्या आणि मात्रांच्या गर्दीत बारीक रेघ हरवते.

या लेखात पुढे कर्सर म्हणजे बाणच समजा, कारण लोक तेच म्हणतात.

काहीही डाउनलोड न करता काय होतं?

बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं. विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज उघडा, ॲक्सेसिबिलिटीमध्ये जा आणि ‘माऊस पॉइंटर अँड टच’ निवडा. इथे बाणाचे चार प्रकार मिळतात: पांढरा, काळा, उलट्या रंगाचा आणि तुमच्या पसंतीच्या रंगाचा. खाली आकाराची पट्टी आहे, 1 पासून 15 पर्यंत. 15 वर नेलं तर बाण हास्यास्पद मोठा होतो. 3 किंवा 4 आणि भडक पिवळा किंवा हिरवा रंग, एवढं घरच्या वापराला पुरतं. उलट्या रंगाचा प्रकार पांढऱ्यावर काळा आणि काळ्यावर पांढरा दिसतो, पण राखाडी पार्श्वभूमीवर तो फिका पडतो. ज्यांना कमी दिसतं त्यांनी ठसठशीत रंगच घ्यावा.

दुसरी सोय बरीच जुनी आहे, तरी फार थोड्यांना माहीत असते. सेटिंग्जमध्ये ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’, त्यात ‘माऊस’ आणि तिथे ‘ॲडिशनल माऊस सेटिंग्ज’ असं क्लिक करा. जुन्या पद्धतीची एक छोटी खिडकी उघडेल. तिच्यात ‘पॉइंटर ऑप्शन्स’ हा टॅब निवडा. सगळ्यात खालची चौकट कंट्रोल बटण दाबल्यावर बाणाची जागा दाखवण्याची आहे. तिच्यावर टिक करून ओके दाबा. आता कंट्रोल एकदा दाबून सोडलं की बाणाभोवती वर्तुळं आकसत येतात आणि नजर आपोआप तिथे जाते. ही सोय विंडोज एक्सपीच्या काळापासून आहे. म्हणजे दुकानातल्या किंवा शाळेतल्या जुन्यापुराण्या संगणकावरसुद्धा कंट्रोल पॅनेलमधल्या माऊसच्या खिडकीत ती सापडेल.

त्याच टॅबवर बाणामागे शेपटी दाखवण्याचाही पर्याय आहे. प्रोजेक्टरवर शिकवताना तो बरा, एरवी डोळ्यांना त्रासदायक.

पॉवरटॉइज: नाव खेळण्याचं, काम गंभीर

वरच्या गोष्टी अपुऱ्या वाटल्या तर पॉवरटॉइज घ्या. हे मायक्रोसॉफ्टचंच मोफत सॉफ्टवेअर आहे. हे नाव विंडोज 95 च्या वेळचं. 2019 मध्ये ते नव्याने आणि मुक्त स्रोत स्वरूपात सुरू झालं, म्हणजे त्याचा सगळा कोड गिटहबवर कुणालाही वाचता येतो. त्यात दोन डझनांहून जास्त हत्यारं आहेत, पण आपल्याला त्यातल्या माऊसच्या तीन-चारच हव्या आहेत.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. काम छोटं असलं तरी हे पॅकेज छोटं नाही, डाउनलोड काहीशे एमबींचं आहे. मोबाइलच्या डेटावर लॅपटॉप चालवत असाल तर वायफाय मिळेपर्यंत थांबा. विंडोज 10 ची 2004 किंवा त्यानंतरची आवृत्ती, नाहीतर विंडोज 11 लागतं. विंडोज 7 किंवा 8 वर ते चालत नाही.

बसवायची सगळ्यात सुरक्षित वाट म्हणजे मायक्रोसॉफ्ट स्टोअर. स्टार्ट मेनूमधून स्टोअर उघडा, शोधपट्टीत पॉवरटॉइज टाका, प्रकाशकाच्या जागी मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन लिहिलंय का ते पाहा आणि इन्स्टॉल दाबा. ब्राउझरमध्ये जाऊन शोधायचीच गरज नाही, आणि या पद्धतीचा खरा फायदा तोच आहे. झालं की घड्याळाशेजारच्या छोट्या चिन्हांमध्ये पॉवरटॉइजचं चिन्ह येतं. त्यावर डबल क्लिक केलं की सेटिंग्ज उघडतात.

आता पहिलं काम: डावीकडच्या यादीत जाऊन जे लागत नाही ते बंद करा. रंग ओळखणारं, फोटोंचा आकार बदलणारं, खिडक्या रचणारं अशी बरीच हत्यारं सुरू असतात आणि प्रत्येकाने एखादा शॉर्टकट अडवलेला असतो. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर तर ही साफसफाई हवीच. मग ‘माऊस युटिलिटीज’ उघडा.

‘फाइंड माय माऊस’ हे त्यातलं मुख्य, 2021 मध्ये आलेलं. डावीकडचं कंट्रोल बटण झटपट दोनदा दाबलं की सगळी स्क्रीन अंधारते आणि बाणाभोवती प्रकाशाचं वर्तुळ पडतं, नाटकात नटावर पडतं तसं. माऊस हलवला की वर्तुळही सोबत सरकतं, क्लिक केलं की जातं. अंधार किती गडद हवा आणि वर्तुळ केवढं हवं, हे तिथेच ठरवता येतं. दोनदा बटण दाबणं ज्येष्ठांना जमत नसेल तर ‘शेक माऊस’ निवडा. मग माऊस जोरात हलवला की झालं. हरवलेला बाण शोधायला आपण एरवीही तेच करतो, त्यामुळे नवीन काही शिकावं लागत नाही. कंट्रोल बटणाचा सतत वापर असणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उदाहरणार्थ डिझाइनच्या कामात, हे वर्तुळ नको तेव्हा उगवतं. त्या सॉफ्टवेअरचं नाव वगळलेल्यांच्या यादीत टाकायची सोय खालीच आहे.

‘माऊस हायलायटर’ व्हिडिओ बनवणाऱ्यांसाठी. विंडोज, शिफ्ट आणि एच ही तीन बटणं एकत्र दाबा. त्यानंतर डाव्या क्लिकला पिवळा आणि उजव्या क्लिकला निळा ठिपका उमटतो. रंग बदलता येतात. काम झालं की तीच बटणं पुन्हा दाबून बंद करा, नाहीतर नंतर प्रत्येक क्लिकला ठिपके पडत राहतील आणि संगणक बिघडला असं घरच्यांना वाटेल.

‘माऊस पॉइंटर क्रॉसहेअर्स’ कडे लोक दुर्लक्ष करतात. विंडोज, ऑल्ट आणि पी दाबलं की बाणातून एक उभी आणि एक आडवी रेघ स्क्रीनच्या चारही कडांपर्यंत जाते. जीएसटीच्या किंवा पगाराच्या लांबलचक तक्त्यात ओळ चुकण्याची भीती असते, तिथे हिच्याइतकी कामाची गोष्ट नाही. पूर्वी वहीवर फूटपट्टी ठेवून आकडे वाचायचे, तेच हे.

चौथं ‘माऊस जंप’, दोन किंवा अधिक मॉनिटर असणाऱ्यांसाठी. विंडोज, शिफ्ट आणि डी दाबलं की सगळ्या स्क्रीनचं छोटं चित्र येतं, त्यात क्लिक करू तिथे बाण उडी मारतो. एकाच स्क्रीनवाल्यांनी ते बंदच ठेवावं.

हे शॉर्टकट बसवल्यानंतरचे मूळचे आहेत. एखादा चालला नाही तर दुसऱ्या सॉफ्टवेअरने तो आधीच घेतलेला असू शकतो. पॉवरटॉइजच्या त्याच पानावर दुसरा निवडा. आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीवर यातली काही हत्यारं काम करत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

खरोखर छोटं हवं असेल तर झूमइट

पॉवरटॉइजचं ओझं नको असेल तर झूमइट. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स विभागाचं हे साधन मार्क रुसिनोविच यांनी लिहिलेलं. झिप उघडायची, आतली फाइल चालवायची, अटी मान्य करायच्या, इतकंच. इन्स्टॉल करावं लागत नाही, पेन ड्राइव्हवर घेऊन फिरता येतं. कंट्रोल आणि 1 दाबलं की बाणाभोवतीचा भाग मोठा होतो. कंट्रोल आणि 2 दाबलं की बाणाची पेन्सिल होते. शिफ्ट दाबून ओढलं तर सरळ रेघ, कंट्रोल दाबून ओढलं तर चौकोन, दोन्ही दाबून ओढलं तर बाण. आर, जी, बी या अक्षरांनी लाल, हिरवा, निळा रंग. ई दाबलं की पुसतं आणि एस्केप दाबलं की बाहेर. क्लासमध्ये शिकवणाऱ्यांना एवढं पुष्कळ झालं. आता झूमइट पॉवरटॉइजमध्येही आलं आहे, त्यामुळे ते बसवलं असेल तर वेगळं घेऊ नका.

रेकॉर्डिंगमध्ये ठिपके का दिसत नाहीत?

हा प्रश्न फार येतो. तुमच्या स्क्रीनवर पिवळे ठिपके दिसतात, पण मीट किंवा झूमवर समोरच्याला दिसत नाहीत. कारण सोपं आहे. हायलायटरचे ठिपके आणि झूमइटची रेघोटी त्या ॲपच्या खिडकीत नसते. सगळ्या खिडक्यांच्या वर एक पारदर्शक कागद अंथरलेला असतो, त्यावर ती उमटते. तुम्ही फक्त एक खिडकी किंवा ब्राउझरचा एक टॅब शेअर केलात तर तो कागद समोर जातच नाही. म्हणून पूर्ण स्क्रीन शेअर करा. ओबीएसमध्येही विंडो कॅप्चरऐवजी डिस्प्ले कॅप्चर घ्या आणि त्याच्या गुणधर्मांत ‘कॅप्चर कर्सर’ वर टिक आहे ना ते बघा.

पूर्ण स्क्रीन शेअर करायची म्हणजे व्हॉट्सॲपचे आणि मेलचे निरोपही लोकांना दिसणार. त्याआधी विंडोजचं ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करा. एखाद्याचा ओटीपी थेट प्रक्षेपणात झळकण्यापेक्षा हे दहा सेकंद परवडले.

रंगीबेरंगी कर्सर लावायचे असतील तर

मुलांना चमचमणारे, हलणारे, कार्टूनचे कर्सर हवे असतात. त्यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही, हे बहुतेकांना माहीतच नसतं. विंडोजमध्ये कर्सर म्हणजे एक फाइल: स्थिर असेल तर सीयूआर प्रकारची, हलती असेल तर एएनआय प्रकारची. मघाच्या माऊसच्या खिडकीत ‘पॉइंटर्स’ टॅबवर जा. बाण, घड्याळ, हात, उभी रेघ अशी यादी दिसेल. जो बदलायचा तो निवडा, ‘ब्राउझ’ दाबा आणि फाइल दाखवा. सगळे बदलून झाले की ‘सेव्ह ॲज’ करून संचाला नाव द्या. फाइली डाउनलोडच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. ते फोल्डर कधीतरी साफ होतं आणि कर्सर गायब होतात. मूळचं परत आणायचं तर त्याच टॅबवरच्या यादीतून ‘विंडोज डिफॉल्ट’ निवडा.

आता मुद्द्याची गोष्ट. कर्सरची फाइल म्हणजे चित्र. ती तुम्हाला ‘सेटअप’ चालवायला लावत असेल, तर ती चित्र नाही, प्रोग्राम आहे. इथेच थांबायचं.

हा धोका नवा नाही. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात कॉमेट कर्सर नावाचं फुकट सॉफ्टवेअर खूप चालायचं. वेबसाइटनुसार बाणाचं चित्र बदलायचं. 1999 मध्ये उघड झालं की ते प्रत्येक संगणकाला एक क्रमांक देऊन कुठल्या साइटवर गेलात याची नोंद कंपनीकडे पाठवत होतं. पुढे 2007 मध्ये तर हलत्या कर्सरच्या फाइली वाचण्याच्या विंडोजच्या पद्धतीतच एक भगदाड सापडलं. खास बनवलेली फाइल असलेलं वेबपान नुसतं उघडलं तरी संगणक परक्याच्या ताब्यात जाऊ शकत होता. मायक्रोसॉफ्ट एरवी महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या देते. ही मात्र वाट न पाहता 3 एप्रिल 2007 ला दिली. ते भगदाड केव्हाच बुजलं आहे. पण अपडेट बंद करून ठेवलेले जुने संगणक अजूनही काउंटरवर चालू दिसतात, त्यांच्या मालकांनी ही तारीख वाचावी.

आजचा धोका आणखी वेगळा आणि जास्त महागात पडणारा आहे. पासवर्ड चोरणारे प्रोग्राम फुकट सॉफ्टवेअरच्या नावाखाली पसरवले जातात. ते ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलतात आणि त्यासोबत लॉगिनच्या कुकीही. कुकी हाती लागली की चोराला ना पासवर्ड लागतो ना ओटीपी, कारण साइटच्या दृष्टीने तुम्ही आधीच आत आलेले असता. यूट्यूब चॅनेल पळवण्यासाठी ही युक्ती वापरली जात असल्याचं गुगलनेच 2021 मध्ये जाहीर केलं होतं. दोन वर्षं खपून उभं केलेलं पेज एका रात्रीत दुसऱ्याच्या नावावर होतं ते असं.

यात सर्वाधिक काळजी घ्यायची ती नागरिकांची कागदपत्रं हाताळणाऱ्या संगणकांवर. आपले सरकार सेवा केंद्र, झेरॉक्सचं दुकान, अकरावीचे ऑनलाइन अर्ज भरून देणारा सायबर कॅफे, अशा ठिकाणच्या डेस्कटॉपवर शेकडो लोकांचे आधार, पॅन, सातबारा, बँकेची पासबुकं पडलेली असतात. तिथे मुलाने गंमत म्हणून उतरवलेला कर्सर पॅक म्हणजे फक्त दुकानदाराचा प्रश्न राहत नाही. आमच्या मते अशा संगणकांवर वर सांगितलेल्या विंडोजच्या सोयींपलीकडे काहीही बसवू नये.

संशयास्पद डाउनलोड ओळखायला थोड्या खुणा पुरतात. गुगलवर सगळ्यात वर ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेला दुवा ही जाहिरात असते, अधिकृत पान असेलच असं नाही. एकाच पानावर तीन-चार हिरवी डाउनलोड बटणं असतील तर मागे फिरा. झिपला पासवर्ड आहे आणि ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना आहे, तर पुढे वाचायचीही गरज नाही. पासवर्ड लावतात तो अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणूनच. फाइल आधीच उतरवली असेल तर तिच्यावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ मध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ टॅब पाहा. मायक्रोसॉफ्टची फाइल असेल तर तिथे मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशनचं नाव असतं. शंका असेल तर व्हायरसटोटल या साइटवर ती टाका, एकाच वेळी अनेक अँटिव्हायरस ती तपासतात. मात्र ग्राहकांची कागदपत्रं तिथे चढवू नका, तिथे टाकलेली फाइल इतरांच्याही हाती जाऊ शकते.

क्रोमची कर्सर बदलणारी एक्स्टेन्शन निरुपद्रवी वाटतात. बसवताना ती कोणती परवानगी मागतात ते वाचा. ‘सर्व वेबसाइटवरची तुमची माहिती वाचणे आणि बदलणे’ अशी परवानगी असेल तर बँकेचं पानही त्यात आलं. शिवाय त्यांचा कर्सर वेबपानांतच दिसतो, ब्राउझरबाहेर नाही.

चुकीचं काही बसवलं गेलं असेल तर

आधी इंटरनेट तोडा. पासवर्ड त्याच संगणकावरून बदलू नका, नवाही चोरीला जाईल. दुसऱ्या फोनवरून आधी ईमेलचा आणि मग इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूबचा पासवर्ड बदला, आणि प्रत्येक ठिकाणी ‘सर्व डिव्हाइसवरून लॉगआउट’ करा. चोरलेल्या कुकी त्यानेच निकामी होतात. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ तपासा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रारही करता येते. पनवेल परिसर नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतो, त्यामुळे जवळच्या पोलीस ठाण्यात, म्हणजे पनवेल शहर, खांदेश्वर, कामोठे, कळंबोली किंवा खारघर, तुमच्या पत्त्याप्रमाणे जाता येईल. संगणक फॉरमॅट करण्याची घाई तक्रारीआधी करू नका; पुराव्यासाठी ती फाइल, दुवा आणि मेसेजचे स्क्रीनशॉट लागतात.

मॅक आणि लिनक्सवर

मॅकवर 2015 पासून ही सोय मुळातच आहे. माऊस किंवा ट्रॅकपॅडवर बोट भरभर इकडेतिकडे हलवलं की बाण क्षणभर मोठा होतो. सिस्टीम सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, डिस्प्ले, पॉइंटर इथे ती चालू-बंद करता येते आणि बाणाचा रंगही बदलता येतो. उबुंटूसारख्या नोम डेस्कटॉपवर सेटिंग्जच्या ॲक्सेसिबिलिटी विभागात ‘लोकेट पॉइंटर’ चालू करा, मग डावं कंट्रोल दाबल्यावर बाणाभोवती लहर उठते. शाळेतल्या लॅबमध्ये उबुंटू असेल तर मुलांना पहिल्याच तासाला हे दाखवून ठेवायला हरकत नाही.